दीक्षितपुऱ्यात आमच्या आधी कोण येऊन गेलं?

आधीच सांगते, या असल्या गोष्टींवर माझा विश्वास नाही. नव्हता, आणि हे लिहून झाल्यावरही नसेल. अंगात येणं, करणी, उतारा या सगळ्याविरुद्ध मी पत्रकं लिहिलीत, बसस्टँडवर उभी राहून वाटलीत आणि वर शिव्याही खाल्ल्यात. त्यामुळे इथे लिहिताना जरा ओशाळल्यासारखं होतंय... पण घडलं ते घडलं. मला पटत नाही म्हणून दडवून ठेवायचं, हा अप्रामाणिकपणा मला जमणार नाही.

गोंदियात आम्ही मुलींसाठी अभ्यासिका चालवतो. दिवाळीच्या सुट्टीत मुलींना एखादं शहर दाखवायचं, अशी आमची पद्धत आहे. देवदर्शन नाही, कोणाचं लग्न नाही — नुसतं फिरायचं. आणि हेच घरच्यांना पचत नाही. मुलगा गोव्याला गेला तर कौतुक, मुलगी जबलपूरला निघाली तर दहा प्रश्न! एकेका घरी चपला झिजवून परवानगी मिळवावी लागते.

या वेळी आठ मुली होत्या आणि मी. त्यात सारिका, बारावीतली. तिच्या पायांत जन्मापासून ताकद नाही. कॅलिपर, म्हणजे पायांना आधार देणाऱ्या लोखंडी पट्ट्या घालून, कुबड्यांवर चालते. तिच्या बाबांनी परवानगी दिली ती एका अटीवर : "पोरीची गैरसोय झाली असं कळलं तर त्याच दिवशी येऊन घेऊन जाईन. अन् मग ट्रिपचं नाव काढायचं नाही."

म्हणून मी जबलपूरच्या एका स्वस्त हॉस्टेलमध्ये तळमजल्यावरची खोली सांगून ठेवली होती. निघायच्या आदल्या संध्याकाळी पुन्हा फोन करून खात्रीही केली. दुपारी गाडीतून उतरून तिथे पोचलो, तर मॅनेजर हसत म्हणतो, "मैडम, नीचे वाला रूम तो फैमिली को दे दिया. ऊपर खाली है न, तीसरा माला. बच्ची को उठाकर चढ़ा देंगे."

उठाकर चढ़ा देंगे! गॅसचं सिलिंडर आहे का ती?

मी भांडले. भरपूर भांडले. उपयोग शून्य. मग सामान उचललं आणि दुसरीकडे विचारलं, तिसरीकडे विचारलं. कुठे "सब ऊपर ही है", कुठे "ऐसे बच्चों की जिम्मेदारी हम नहीं लेते". तळमजल्याच्या खोल्या होत्या, पण त्या महागड्या हॉटेलांत. म्हणजे ज्याच्या खिशात पैसा नाही, त्याला जिने चढता आलेच पाहिजेत! हा नियम कोणी केला? जाब कोणाला विचारायचा?

ऊन उतरायला लागलं तेव्हा आम्ही कमानिया गेटजवळ एका जिलबीच्या दुकानासमोर बॅगांवर बसलो होतो. सारिकानं फोन काढला.

"ताई, मी बाबांना बोलावून घेते. माझ्यामुळं तुम्हाला कुठीच जागा नाही भेटून राहिली. तुम्ही फिरा नं."

"गप बस नं, मोठी आली शहाणी," पल्लवी म्हणाली. ही तिची जिवलग मैत्रीण. "खोव्याची जिलबी आहे, थंडी होऊन राहिली. खा आधी."

सारिका खाईना. तो फोन लागला असता तर तिचं फिरणं कायमचं संपलं असतं, हे मला कळत होतं. पण फोन ठेव, असं कोणत्या तोंडानं म्हणणार? जिलबीवाले भैया सगळं ऐकत होते. म्हणाले, "दीक्षितपुरा में देख लो दीदी. उधर लड़कियों के हॉस्टल हैं, दिवाली में खाली पड़े होंगे."

सारिकाकडून थोडा वेळ मागून घेतला आणि निघालो. गल्लीत वळलो तर एका जुन्या दुमजली घराच्या दारात एक काकू उभ्या. आम्हाला पाहून पायरी उतरून आल्या. नजर सरळ सारिकाच्या कुबड्यांवर.

"गोंदियाच्या नं तुम्ही? अरे, किती उशीर! केव्हाची वाट पाहून राहिली मी. चहा दोनदा गरम केला. चलो, चलो, आत या."

मला वाटलं, माणसं चुकली यांची. तसं म्हटलं, तर काकूच चमकल्या.

"अच्छा? मग काल दुपारी तुमच्या दीदी येऊन सांगून नाही गेल्या का? आठ मुली, एक ताई, एका मुलीला जिना नाही जमत म्हणून?"

काल दुपारी आम्ही गोंदियात होतो. काल दुपारी आमची खोली पक्की होती. हे घर सोडाच, ही वस्तीही मला जिलबीवाल्यानं सांगेपर्यंत माहीत नव्हती.

काकूंचे यजमान इथल्या कारखान्यात होते. ते गेल्यावर त्या कॉलेजच्या मुली ठेवतात. मुली दिवाळीला घरी गेलेल्या. तळमजल्यावरची मोठी खोली आमच्यासाठी झाडून ठेवली होती. बाथरूममध्ये खुर्ची. दाराची कडी हाताला येईल अशी खाली घेतलेली — नवी कोरी, आणि उंबऱ्याशी लाकडाचा भुसा तसाच पडलेला. "सुताराला घाईनं बोलावलं," काकू म्हणाल्या. "काय रागावल्या त्या दीदी! म्हणे, खोली मागून दाखवा, आधी बाथरूम दाखवा. बैठून पाहिलं, कडी लावून पाहिली. मी नाव विचारलं तर म्हणे, नावाचं काहून पडलं तुम्हाला, गरम पाण्याचं पाहा."

मुली एकमेकींकडे बघायला लागल्या. कारण अशी पाहणी करणारी एक बाई आम्हाला माहीत होती. मंदाताई. अभ्यासिका त्यांनी सुरू केली. कुठेही मुली न्यायच्या आधी त्या स्वतः जाऊन, बाथरूमची कडी लावून बघायच्या. मागच्या वर्षी त्या गेल्या.

पल्लवीनं मोबाईलवर मंदाताईंचा फोटो काढून काकूंपुढे धरला. आणि खरं सांगते, काकूंनी "हो" म्हणावं असं मला वाटलं. मला!

काकूंनी चष्मा लावून नीट पाहिलं. "नाही बेटा. या नव्हत्या. त्या तर पंचविशीच्या असतील, उंच, केस कापलेले."

अशी कोणीही आमच्यात नाही. कधी नव्हती.

तोवर सारिका खोलीत गेली होती. तिची हाक नाही, काही नाही, म्हणून मी मागोमाग गेले. कोपऱ्यातल्या एका खाटेभोवती दोरी बांधून जुन्या साडीचा पडदा केला होता. सारिका ती साडी हातात धरून उभी.

"ताई, हे तुम्ही सांगितलं?"

"नाही."

"कॅलिपर काढताना कोणी माझे पाय पाहिलेले मला नाही चालत. म्हणून मी शिबिरात रात्रभर ते घालूनच झोपते. वळ उठतात. पण हे मी कोणालाच सांगितलं नव्हतं... आईलाही नाही."

रॅम्प पाहिजे, कठडा पाहिजे म्हणून मी किती ओरडले असेन. पडदा माझ्या कधी डोक्यातच आला नव्हता. काकूंना विचारलं, तर तोही त्या दीदींनीच बांधायला सांगितला होता.

त्या संध्याकाळी बाबांना फोन गेला, पण "पोचलो, जेवण झालं, काकू मराठी आहेत" एवढंच सांगायला. दुसऱ्या दिवशी सारिकानं भेडाघाटचा धुआंधार धबधबा पाहिला, भिजली, मनसोक्त ओरडली. काकूंनी आम्हाला परवडतील तेवढेच पैसे घेतले आणि वाटेसाठी पुऱ्या बांधून दिल्या.

मी शोध घ्यायचा सोडला नाही. शेजारी विचारलं, समोरच्या इस्त्रीवाल्याला विचारलं. सुतार भेटला, काम त्यानं केलं होतं, पण बाई त्यानं पाहिली नव्हती. आमच्यापैकी कोणाच्या ओळखीचं जबलपुरात कोणी नाही. काकू खोटं कशाला बोलतील? आणि पडद्याचं काय? काहीही जुळत नाही.

परतीच्या गाडीत मी सारिकाला पुन्हा खोदून विचारत होते. ती वैतागली. "ताई, तुम्हाला ती कोण होती ते पाहिजे. ती आली होती, मला येवढंच पुरते."

मला नाही पुरत. मी अजून विचारते, म्हणून तर इथे लिहिलं. वाचणाऱ्यांपैकी कोणाला अशी बाई माहीत असेल तर जरूर कळवा. आणि समोर भेटलीच, तर आधी आमच्यातर्फे आभार माना... प्रश्न नंतर विचारा.