पाहून राह्यलो

मुली पाहणं ही सरकारी नोकरी असती, तर आमचे भाऊ मोठे साहेब होऊन निवृत्त झाले असते. सन ऐंशीच्या आसपास मी साताऱ्याकडून पूर्व विदर्भातल्या वडशाच्या शाळेत मास्तर म्हणून आलो, तेव्हा ते मला खोलीचे भागीदार म्हणून मिळाले. वय चाळिशीला टेकलेलं, एरवी राइस मिलमध्ये कारकून आणि हिवाळ्यात झाडीपट्टीच्या नाटकांचे प्रॉम्प्टर. पहिल्याच दिवशी मी विचारलं, लग्न झालंय का? म्हणाले, "पाहून राह्यलो." मला वाटलं, कुणाला तरी पाहिलं आणि बिचारे तसेच राहिले. इकडे त्याचा अर्थ 'पाहतो आहे' एवढाच होतो, हे मला बऱ्याच दिवसांनी कळलं.

भाऊंचं पाहणं मात्र खरंच चालू असे. सुट्टी आली की इस्त्रीचा शर्ट घालून निघायचे आणि संध्याकाळी नकार घेऊन यायचे, तोही स्वतःचाच. एका घरी भिंतीवरचं घड्याळ मागे होतं. दुसरीकडे मुलीचे वडील भाऊंच्या प्रत्येक वाक्याला मान डोलवत होते, असा सासरा धोक्याचा. भद्रावतीला तर कमालच झाली. कॉलनीतली सगळी क्वार्टर्स सारखी, भाऊ चुकीच्या घरात शिरले. तिथे रेडिओ दुरुस्त करणाऱ्याची वाट पाहणं चाललं होतं. यजमानांनी पोहे देऊन रेडिओ पुढे ठेवला. भाऊंना वाटलं, ही जावयाची परीक्षा. त्यांनी तो खोलून चालू करून दिला. मुलगी कशी आहे, असं मी विचारलं तर म्हणाले, "पोरगी दिसली नाई, पण रेडिओ मस्त आहे."

भाऊंचं लग्न का होत नाही, यावर पानठेल्यावर रोज चर्चा व्हायची. कुणी म्हणे आईनं लाडावून ठेवलं, कुणी म्हणे मंगळ आहे. माझं मत वेगळं होतं. नाटकात नायक अडखळला की विंगेतून भाऊ त्याला प्रेमाचं वाक्य अलगद पुरवत. दुसऱ्याचं वाक्य असलं की जीभ लोण्यासारखी, स्वतःचं बोलायची वेळ आली की कपाळाला घाम. म्हणूनच ते घड्याळात खोट काढत असावेत.

आणि हे आमच्या शाळेतल्या गणिताच्या बाईंना कळलं होतं. भावंडांची शिक्षणं करता करता बाईंचंही लग्न राहून गेलेलं. भाऊंचं कोणतंही नाटक त्या चुकवत नसत, आणि विंगेच्या बाजूलाच बसत. मला वाटे, या दोघांचं जमलं नाही तर वडशात न्याय नाही. एका रविवारी बाई चकल्यांचा डबा घेऊन खोलीवर आल्या. मी चहाच्या निमित्ताने पडद्याआड स्वयंपाकघरात सटकलो. थोडा वेळ चकल्यांचाच आवाज येत होता. मग बाई सरळ म्हणाल्या, "भाऊ, तुमाले पोरगी पायजे तरी कशी?"

चहा उतू चालला, तरी भाऊंचं उत्तर येईना. शेवटी न राहवून मी पडद्याआडून कुजबुजलो, "तुमच्यासारखी म्हणा."

भाऊ पडद्याकडे वळले आणि गंभीरपणे म्हणाले, "मास्तर, इतकं मोठ्यानं नाई सांगत. पब्लिकले ऐकू जाते."

बाई हसल्या. हसून झाल्यावरही बसून राहिल्या, कारण वाक्य त्यांनी ऐकलं होतं, फक्त ते भाऊंच्या तोंडून यायचं होतं. भाऊंनी मात्र मला बाहेर बोलावलं आणि कुजबूज पोटातून कशी काढायची, हे चहा निवेपर्यंत समजावलं. बाईंनी डबा रिकामा करून घेतला आणि निघाल्या.

पुढच्या उन्हाळ्यात बाईंची धानोऱ्याला बदली झाली. भाऊ एसटीपर्यंत त्यांची ट्रंक घेऊन गेले, टपावर नीट बांधून आले. तिथेच बाईंनी लग्न केल्याचं नंतर कळलं. बातमी आली त्या दिवशी भाऊंनी दोनदा दाढी केली आणि कुठेच गेले नाहीत. मला फार वाईट वाटलं.

माझीही बदली झाली. काही वर्षांनी नाटकांच्या हंगामात मुद्दाम वडशाला गेलो. भाऊ विंगेत संहिता उघडून बसले होते, केस पांढरे झाले होते. मी सवयीनं चेष्टा केली, काय भाऊ, अजून पाहून राह्यले का?

त्यांनी पान उलटलं आणि हळूच, पोटातून म्हणाले, "राह्यलो, मास्तर."