हॉलंडच्या चित्रातलं लिंबू

हिंगोली जिल्हा परभणीतून वेगळा झाला, तेव्हा गावोगावच्या पाट्यांवरचं जिल्ह्याचं नाव बदलायचं काम निघालं. त्या कामामागं मी चंदगडहून इतक्या लांब आलो. सातवीतच शाळा सुटलेली, पण अक्षर वळणदार होतं. पुढं पाट्या संपल्या. गावी जावं तर तिकडं काम नव्हतं. कनेरगाव नाक्यावरच्या एका ढाब्याच्या मालकानं मागची खोली दिली, दोन वेळचं जेवण दिलं. त्यांना मी दादा म्हणायचो. उपकार मोठे होते, म्हणूनच घोर लागायचा, की आता कधी जा म्हणतील.

दादांना कुणीतरी परदेशी कॅलेंडर दिलं होतं. त्यातलं एक पान त्यांच्या मनात भरलं. हॉलंडच्या कुणा जुन्या चित्रकाराचं तैलचित्र. मागं काळोख, फुलदाणीत माना टाकलेली फुलं, खाली गळालेल्या पाकळ्या, द्राक्षं आणि अर्धवट सोललेलं लिंबू, त्याची साल टेबलावरून खाली लोंबलेली. हे फॅमिली रूममध्ये भिंतभर काढ, म्हणाले. जमलं तर इथंच राहा, ट्रकवाल्यांचं रंगकाम मिळत राहील. न जमलं तर काय, ते बोलले नाहीत.

मी पानावर पेन्सिलीनं चौकटी आखल्या, भिंतीवर मोठ्या आखल्या आणि एकेक चौकट उतरवत गेलो. आमच्या कामात असंच चित्र मोठं करतात. नजरेसमोर एका वेळी एकच चौकट. ऑइलपेंटच्या वासानं डोकं जड व्हायचं, मान आखडायची. काळ्याचे किती हात दिले तरी भिंत पिऊन टाकायची.

चित्र पुरं झालं त्या दुपारी वाशीमकडचं एक कुटुंब आत शिरलं आणि उभ्याउभ्याच बाहेर आलं. बाहेर बाजेवर बसतो म्हणाले. पुढचे दोन दिवस तेच. शेवटी ओळखीचा एक ड्रायव्हर दादांना म्हणाला, "मालक, रस्त्यावर उतारे कमी पडून राहिले काय, म्हून तुमी भिंतीवर मांडला?"

मागं सरून मी पहिल्यांदा अख्खं चित्र पाहिलं. कापल्यासारखं लिंबू, सुकली फुलं, गळालेल्या पाकळ्या. नजर उतरवून तिठ्यावर टाकतात, तंतोतंत तेच. लोक ते ओलांडत नाहीत, त्याच्याशेजारी जेवतील कशाला?

कुणी काही म्हणायच्या आत मी पिशवी भरायला लागलो. दादा दारात आले.

"काहून बांधाबांध करून राहिला?"

"गिऱ्हाईक तुटलं ना, दादा."

"मंग लिंबू खोड. तू कुठं चालला?"

तोडगा दादांच्या बायकोनं, वहिनींनी काढला. लिंबाची मोसंबी झाली, लोंबत्या सालीची झेंडूची माळ. पाकळ्या पुसल्या, फुलांच्या माना सरळ केल्या. हॉलंडचं त्यात फारसं काही उरलं नाही. मला वाईट वाटलं, पण वाईट वाटायलाही अंगात ताकद लागते.

पुढच्या बाजारच्या दिवशी बायका-लेकरं आत बसून जेवली. दादा गल्ल्यावरून नुसतं म्हणाले, बाहेरच्या पाटीचा रंग उडालाय, उद्या घे. मी बरं म्हणालो, खोलीत गेलो, पिशवीतले कपडे काढून दोरीवर टाकले आणि रंगाच्या हातांनीच आडवा झालो.