बॅगेला आवळलेला सूर्य

ओल्या लोकरीचा वास आला की टोरोंटोतली आमची म्हातारी लॅटव्हियन शेजारीण आठवते. अख्खा विंटर खपून तिनं आमच्यासाठी लांब, लाल नक्षीचा पट्टा विणला होता. नक्षीवर बोट ठेवून ती सांगत होती, हा सूर्य, ही वाईटापासून राखणारी चांदणी. तेवढ्यात आमचे हे, ज्यांना साधं बटण शिवता येत नाही, तिलाच शिकवायला लागले, "ऑल धिस वेंट फ्रॉम इंडिया, यू नो!" तिनं नक्षीवरचं बोट काढून घेतलं. महिन्याभरानं पुण्याला निघताना ह्या विद्वानांनी त्याच पट्ट्यानं फुगलेली बॅग आवळली. निरोप द्यायला ती दारात उभी होती. ह्यांना मी आजही हसते. पण गाठ घट्ट बसावी म्हणून त्या सूर्यावर बोट मीच दाबून धरलं होतं.