साबुदाण्याएवढी भिंत
प्रयोगशाळेच्या उद्घाटनात पाहुण्यांनी तासाभराच्या भाषणात तीनदा क्रांती केली. मग तिथेच काम करणाऱ्या माझ्या भाचीने, मुक्ताने, माझ्या बायकोच्या तळहातावर जेलीचा मणी ठेवला. अशा मण्यात इन्सुलिन बनवणाऱ्या जिवंत पेशी ठेवून तो शरीरात बसवायचा; जेलीची भिंत त्या पेशींना शरीराच्या हल्ल्यापासून वाचवते.

“आधीचे फाटायचे. हा टिकतोय.”

“मग माझी सुई सुटणार?”

“मामी, अजून प्रयोगातल्या उंदरांचीही सुटली नाही.”

बायकोने भिजलेला साबुदाणा बघावा तसा मणी चिमटीत दाबला. दबला, पण फुटला नाही. मऊ राहून टिकणं आम्हाला संसारात थोडंफार जमलंय, असं मला उगीच वाटून गेलं.

घरी जेवणाआधी तिने नेहमीसारखी सुई टोचून घेतली.

“पाहुण्यांपेक्षा माझा उंदरांवर भरवसा जास्त आहे,” ती म्हणाली आणि पानं वाढायला लागली.