पुंजारामची वाट

आमच्या वाडीमागून एक वाट डोंगरावर चढते, वळसा घेते आणि झऱ्याच्या अंगानं परत खाली येते. तिच्या तोंडाशी आता रिसॉर्टनं पाटी लावलीय : 'सोपी फॅमिली ट्रेल. लहान मुलांनाही जमेल.' जमेलच की. पुंजारामनं ती मेलेल्या माणसाला धक्का लागू नये म्हणून केली होती.

मी हनुमंता, पुंजारामचा शेजारी, भिंतीला भिंत लागून. धरणाच्या पाण्यावरची आमची वाडी, अकोले तालुक्यातली. नगरच्या साहेबलोकांना आमची आठवण येते ती धबधबे बघायला निघाले की. तर ती वाट म्हणजे आमची मसणवाट. एका अंगानं माणूस वर न्यायचा, त्याला अग्नी द्यायचा आणि दुसऱ्या अंगानं, झऱ्यावर आंघोळ करून, लोकांनी खाली यायचं. गेल्या वाटेनं परत येऊ नये, मेलेला मागोमाग घरी येतो, असं आमच्यात मानतात. म्हणून ती वाट गोल. कुणाच्या हौसेसाठी नाही.

पुंजारामची आई ऐन आषाढात गेली. तेव्हा ती वाट नुसती घसरगुंडी होती. एका खांदेकऱ्याचा पाय सटकला आणि म्हातारी तिरडीसकट चिखलात पडली. पुंजारामला तेव्हा नुकतं मिसरूड फुटलं होतं. त्यानं आईच्या तोंडावरचा चिखल आपल्या हातानं पुसला. दिवाळी झाल्यावर पहार घेऊन त्या वाटेला लागला तो जन्मभर लागला. भात काढून झालं की दर वर्षी तेच. दगड आणायचे, पायऱ्या बसवायच्या, पाणी काढून द्यायला चर खणायचे. चढ असा सैल केला की तिरडी मागं कलायची नाही. मध्यावर विसाव्याचा ओटा बांधला, म्हणजे तिथं तिरडी टेकवून खांदे बदलता येतील. लोक चेष्टा करायचे, "पुंज्या, मेल्याचे कसले लाड करतो रं?" तो म्हणायचा, "मेल्याचंच करावं. जित्याला तोंड हाय, त्यो मागून घेतो."

त्याला मूलबाळ नव्हतं. थोरला भाऊ लवकर गेला, त्याचा पोरगा कल्याण यानंच वाढवला. यानं म्हणजे यानं आणि याच्या बायकोनं, आमच्या दगडाबाईवहिनीनं. स्वतःच्या ताटातलं काढून त्याच्या ताटात घातलं, नगरला हॉटेलच्या कोर्सला पाठवला. तोवर इकडं धरणाकाठी रिसॉर्ट झालं होतं.

त्या रिसॉर्टचा मॅनेजर माणूस चांगला आहे असं सगळे म्हणतात. मला तो तेव्हाही आवडला नाही, आताही आवडत नाही. एक दिवस बायको आणि लहान मुलीला घेऊन तो पुंजारामच्या अंगणात आला. पोरांना झेपेल अशी एखादी वाट दाखवा म्हणाला, आणि परत येताना तीच वाट नको, मुलं कंटाळतात. पुंजाराम उठलाच. पोरीला खांद्यावर घेतलं आणि सगळी वाट फिरवून आणली. त्या बाईनं विचारलं, "किती छान आहे. कशासाठी केलीत एवढी?"

"गावाची हाय," एवढंच तो बोलला.

ते गेल्यावर मी त्याला धारेवर धरला. मसणवाट आहे हे सांगायला तुझं तोंड शिवलं होतं का? तर म्हणतो कसा, "लेकरू हुतं ना बरुबर. पावन्याच्या लेकरापुढं मसनाचं नाव काडायचं व्हय?" आता याला काय म्हणावं? असली चूक करायला माणूस आमच्या वाडीचाच पाहिजे.

झालं. आयत्या बिळावर नागोबा येऊन बसला. पाटी आली, फाटक आलं, विसाव्याच्या ओट्यावर फोटो काढायला लाकडी बाक ठोकला. अग्नी द्यायची जागा करवंदीच्या जाळीआड, त्यामुळं पाहुण्यांना काही कळायचं कारण नाही. वाडीत बोलणार कोण? घरटी एक माणूस रिसॉर्टात कामाला लागला. कल्याणला तर टोपी आणि शिट्टी देऊन वाटेचा प्रमुखच केला. पुंजाराम येईल-जाईल त्याला सांगायचा, "माजी वाट आता आमचा कल्याण बघतो." मला ते ऐकून राग यायचा आणि वाईटही वाटायचं.

गेल्या भादव्यात पुंजाराम अंथरुणाला खिळला. शेवटी शेवटी एकच बोलायचा, "मला माज्या वाटंनं न्या." रविवारी सकाळी गेला. तिरडी बांधून झाली तेव्हा दगडाबाईवहिनी कल्याणला म्हणाली, "त्यांच्या वाटंनं न्या रं बाबा. धक्का लागू दिऊ नगा." बायका मसणात येत नाहीत. ती उंबऱ्यातच थांबली.

पुढं मडकं घेऊन कल्याण, मागं आम्ही चौघं खांदेकरी. माझ्याशिवाय तिघंही रिसॉर्टचे. फाटक सताड उघडं होतं. आत पाहुण्यांची गर्दी, पोरं पायऱ्यांवरून धावत होती. कुणी आम्हाला अडवलं नाही, हे मी शपथेवर सांगतो. कल्याण फाटकापाशी घटकाभर थांबला आणि मडकं घेऊन ओढ्याच्या बाजूला वळला. तिकडून मसणाच्या मागच्या अंगाला निघणारी गुरांची पाऊलवाट आहे, बारा महिने चिखल.

मी ओरडलो, "कल्याण, वाट ही हाय."

मागं वळून न बघता तो म्हणाला, "तात्या, मागच्या टायमाला मढं बघून पावन्याची पोरं रडली. साहेबांनी सांगितलंय, सीझनमदी पुन्हा नगं."

"आरं, तुजा चुलता हाय त्यो."

बाकीचे तिघं खाली मान घालून त्याच्या मागं वळले. एका खांद्यानं तिरडी चालत नाही. मी गेलो.

ओढ्याच्या चढावर माझ्या पुढच्याचा पाय गेला, त्याच्या पाठोपाठ मी गुडघ्यावर आलो आणि पुंजाराम पडला. एका अंगावर, चिखलात. ज्या माणसानं असं कुणाचं होऊ नये म्हणून जन्म वेचला, तोच पडला. कल्याणनं मडकं खाली ठेवलं आणि टॉवेलानं त्याचं तोंड पुसलं. तो रडत होता. मला त्याची कीव आली नाही. अग्नी देऊन परततानाही त्याच वाटेनं आलो. झरा नाही, आंघोळ नाही.

दारात वहिनी तांब्या घेऊन उभी होती, आमच्या पायांवर पाणी घालायला. कल्याणला म्हणाली, "नीट गेले ना रं?"

"व्हय काकी. त्यांच्याच वाटंनं."

ती पाणी घालता घालता थांबली. उघडीप पडून आठवडा होऊन गेला होता आणि पुंजारामच्या वाटेवर भर पावसातसुद्धा चिखल होत नाही, हे तिच्याइतकं कुणाला माहीत? तिनं माझे गुडघे बघितले, मग कल्याणचा टॉवेल बघितला. तांब्यातलं उरलेलं पाणी सावकाश त्याच्या पायांवर ओतलं.

"कल्याण, तुजी गर्दी कंच्या म्हयन्यात नसती, तेवडं मला सांगून ठिव," ती म्हणाली. "मी तवा मरीन."