एल्मरसाहेबांची लालबागमधली अंत्ययात्रा

गेल्या वर्षी एका बुधवारी दुपारी चार वाजता मी वारलो. तब्येत तशी बरी होती. मांदेली आणि भात पोटभर जेवलो होतो, वर तासभर झोपही झाली होती. पण फळ्यावर एकदा लिहिलं की लिहिलं!

हा फळा काय ते आधी सांगतो. आमच्या लालबागमध्ये कुणी गेलं की काळ्या फळ्यावर खडूने बातमी लिहायची पद्धत. वर 'दुःखद निधन', खाली नाव, त्याखाली अंत्ययात्रा कुठून आणि किती वाजता. आमच्या चाळीचा फळा चाळीस वर्षं माझ्या हातात होता. शिक्षण चौथी पास. (पाचवीत मास्तरांचं आणि माझं पटलं नाही, तेव्हा मी त्यांना सोडलं.) पण मिलमध्ये कापडाच्या गाठींवर ब्रशने नंबर टाकून टाकून अक्षर असं वळलेलं, की लोक म्हणायचे, "आबा, तुझ्या हातचं निधन वाचलं की समाधान वाटतं."

मग चाळ पडली, टॉवर झाला आणि आम्ही एकोणिसाव्या मजल्यावर गेलो. फ्लॅट नंबर १९०४. फळा खाली गेटजवळ लावला खरा, पण बातम्या सगळ्या मोबाइलच्या ग्रुपवर. दोन वर्षांत एक निधन माझ्या वाट्याला आलं नाही! लोक मरत होते, पण परस्पर.

आता माझी नात तन्वी. इंग्रजीत एम. ए. झाली आणि पीएचडी करायचं घेऊन बसली. विषय काय, तर आधुनिक अमेरिकन कवितेतला एकटेपणा! जागा एक, मागणारे ढीगभर. बुधवारी चार वाजता लॅपटॉपवर इंटरव्ह्यू. ही संधी गेली तर बँकेची परीक्षा द्यायची, असं तिच्या बापाने, म्हणजे माझ्या मुलाने, बजावून ठेवलेलं. पोरगी आठ दिवस जेवताना ताटाकडे बघत नव्हती. इंटरव्ह्यूची तयारी ती मला शिकवून करायची. म्हणायची, "आबा, तुम्हाला समजलं तर कुणालाही समजेल." (हे कौतुक की अपमान, मी अजून ठरवलेलं नाही.)

मंगळवारी संध्याकाळी तिने मला एल्मर हॅस्कीन नावाचा कवी सांगितला. एका खोलीत एकटा राहायचा. त्याच्या एका कवितेत म्हणे तो पाव आणायला जातो, दुकानदार 'थँक यू' म्हणतो, आणि दिवसभरात त्याच्याशी कुणी बोललं ते तेवढंच. दुसऱ्या कवितेत स्वतःच्याच दारावर बाहेरून टकटक करून बघतो, कसं ऐकू येतं ते.

"आणि मेला तेव्हा," तन्वी म्हणाली, "चार दिवस कुणाला कळलं नाही. मयताला दोन माणसं. त्यातला एक चुकून आलेला."

मी ताडकन उठलो. "चार दिवस? शेजारी काय करत होते?"

"तेच तर आहे ना, आबा. शेजारी होते. पण नव्हते."

"हे तिकडे! लालबागमध्ये असलं काही चालत नाही. इथे माणूस शिंकला तरी चार जण विचारायला येतात."

तन्वीने वही मिटली. "आपल्या बाजूला १९०३मध्ये कोण राहतं?"

"कुत्रा आहे त्यांच्याकडे."

"कुत्र्याचं नाव?"

"ब्रूनो." मी लगेच सांगितलं. शेजारी आहोत, उगाच नाही!

"आणि माणसाचं?"

मी बाल्कनीत जाऊन कुंडीला पाणी घातलं. (कुंडीत तुळस होती. ती आधीच भिजलेली होती.)

रात्रभर तो एल्मर माझ्या डोक्यातून जाईना. सकाळी ठरवलं, त्या बिचाऱ्याला चार दिवस कुणी विचारलं नाही ना, तर निदान लालबागने तरी त्याची दखल घ्यावी. जाणारा-येणारा एक माणूस फळ्यासमोर थांबून 'अरेरे' म्हणाला तरी पुरे. अकरा वाजता खडू घेऊन खाली उतरलो. फळा ओल्या फडक्याने पुसला आणि दोन वर्षांनी, सांगतो तुम्हाला, हाताला जी काही मजा आली! 'दुःखद निधन' असं काढलं की वॉचमन उभा राहून बघत बसला. त्याखाली 'कै. एल्मर हॅस्कीन, कवी'. इथे थांबायचं होतं. पण चाळीस वर्षांची सवय! हात आपला पुढे चालला: 'यांचे अल्प आजाराने निधन झाले. अंत्ययात्रा राहत्या घरून, फ्लॅट नं. १९०४, दुपारी ४ वाजता निघेल.'

वाचून बघितलं का? नाही. आपलं लिहिलेलं आपण तपासायचं म्हणजे आपल्यावरच अविश्वास. आणि खरंखुरं सांगायचं तर चष्मा वर राहिला होता.

मी जेवायला वर आलो. इकडे कोपऱ्यावरच्या फुलवालीने भक्तिभावाने एक झेंडूचा हार फळ्याला अडकवला. तो नेमका एल्मरसाहेबांच्या नावावर आला. मग कुणीतरी फोटो काढला आणि जुन्या चाळकऱ्यांच्या ग्रुपवर टाकला. नाव झेंडूत गडप, खाली १९०४ ठळक! माझ्याकडे साधा फोन, तन्वीने तिचा बंद केलेला, मुलगा-सून ऑफिसात आणि त्या ग्रुपवर नाहीत, आणि आमची मंडळी बहिणीला भेटायला परळला गेलेली. म्हणजे सगळ्या लालबागला माझी बातमी कळली होती, फक्त माझ्या घराला सोडून.

पावणेचारला तन्वी हॉलमध्ये लॅपटॉपसमोर बसली. "आबा, प्लीज. टीव्ही नाही, खोकला नाही, कुणालाही आत सोडायचं नाही."

"माशी येणार नाही," मी म्हणालो. बेलची वायर काढून ठेवली, दाराबाहेर खुर्ची टाकली आणि पहारेकऱ्यासारखा बसलो.

दहा मिनिटांत लिफ्ट उघडली. बाळा राणे बाहेर आला, मिलमध्ये माझ्या शेजारच्या साच्यावर, म्हणजे मागावर, वीस वर्षं काढलेला. (चूक झाली, साच्यावर तो होता, मी गाठींवर. पण डबा एकत्र खायचो.) हातात हार, डोळे लाल. मला बघितलं आणि भिंतीला टेकला.

"आबा?"

"हळू बोल."

"आबा, तू... तू गेलास ना?"

"बाथरूमला गेलो होतो. आलो."

"अरे, फळ्यावर आहेस तू!"

मी तोंडावर बोट ठेवलं. "आत तन्वीची परीक्षा आहे. मेलो असलो तर परीक्षा झाल्यावर बघू."

तोवर लिफ्ट पुन्हा उघडली. आठ माणसं. पुन्हा उघडली. नऊ. शांताबाई, पेडणेकर वहिनी, बदलापूरला राहायला गेलेले मोरे सहकुटुंब! पुढच्यांनी मला पाहिलं की किंचाळायला तोंड उघडायचे, मी बोट दाखवायचो, ते तोंड तसंच उघडं ठेवून गप्प. मागच्यांना मी दिसत नव्हतो. त्यांना वाटलं, दुःखाने सगळे मुके झालेत. ते आणखी रडायला लागले, पण आवाज न करता. मजल्यावर साठ माणसं आणि चिडीचूप!

मी बाळाच्या कानात म्हटलं, "अरे गाढवांनो, अक्षर माझं नाही का ओळखलंत? मेलेला माणूस स्वतःची बातमी लिहील?"

"ओळखलं तर! आम्हाला वाटलं, तू हट्टी माणूस, दुसऱ्याला खडू द्यायला नको म्हणून आधीच लिहून ठेवलं असशील."

मी त्याच्याकडे पाठ केली. कारण तो विचार माझ्या मनात खरंच येऊन गेलेला आहे.

एवढ्यात खालून आमची मंडळी आली. तिला गेटवरच बायकांनी घेरलं होतं. लिफ्टमध्ये एकीने गळ्यात पडून हुंदका दिला, दुसरीने कपाळावरच्या कुंकवाकडे हात नेला. लिफ्टचं दार उघडायच्या आधी आवाज आला: "माज्या कपाळाक हात लावलात तर बघा! माजो घोव जित्तो आसा! सकाळी मांदेली तळूक लावल्यान माका!"

ती गर्दी फाडत माझ्यासमोर आली. मला वरून खाली बघितलं. "काय केलात ह्या? मेलात तर माका सांगूक नको?"

"अगं, हळू..."

"हळू कित्याक? मयताक येवक लोक बदलापुरातसून इले, आणि माका फुलवालेन सांगितल्यान!"

तिने मला ढकललं, मी दारावर आदळलो, दार उघडलं. (कडी लावायला विसरलो होतो. माशी येणार नव्हती ना!) आणि माझ्यामागे साठ माणसं, सतरा हार आणि आमची ही, असे सगळे थेट हॉलमध्ये, लॅपटॉपच्या पुढ्यात!

तन्वीचा चेहरा पांढराफटक. पडद्यावर दोन सर आणि एक मॅडम. तोवर सगळं इंग्रजीत चाललं होतं. मॅडम एकदम मराठीत म्हणाल्या, "तन्वी, अगं कोण वारलंय?"

तन्वीने हारांकडे बघितलं. माझ्याकडे बघितलं. माझ्या बोटांना खडू होता.

"एल्मर हॅस्कीन, मॅडम."

"ते तर साठ वर्षांपूर्वी."

"अमेरिकेत साठ वर्षांपूर्वी. लालबागमध्ये आज."

एक सर पडद्यावरून खाली गायब झाले. हसत होते की पाणी प्यायला वाकले, ते कळलं नाही. पण मॅडम हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "मी मघाशी विचारलं होतं, या कवींचा एकटेपणा तुझ्या गर्दीच्या गिरणगावात कुणाला कळणार? त्याचं उत्तर राहिलं."

पोरीचं वर्ष माझ्या खडूखाली चिरडलं, हे मला तेव्हा पक्कं समजलं. बसून घ्यावं म्हटलं. पण बसायला खुर्ची नव्हती, खुर्चीवर मोरे.

तन्वी उठून उभी राहिली. "मॅडम, ही साठ माणसं आहेत. सगळी आमच्या आबांवर जीव टाकणारी. आम्हाला इथे येऊन दोन वर्षं झाली. यातल्या एकानेही या दोन वर्षांत आमची बेल वाजवली नाही. आम्हीही त्यांची वाजवली नाही. आज ती आली, पण त्यासाठी आबांना मरावं लागलं. हॅस्कीनच्या कवितेत हेच आहे. माणसं असतात, दार पण असतं. फक्त मध्ये कुणी टकटक करत नाही."

शांताबाईने हार पाठीमागे लपवला. बाळा जमिनीकडे बघत होता. मीही बघत होतो, फरशी बरी होती.

आणि तेवढ्यात दारातून धापा ऐकू आल्या. गावडे बंधू! दोघेही साठीच्या पुढचे, आमच्याकडच्या प्रत्येक मयताला बांबू आणणारे. बांबू लिफ्टमध्ये मावेनात म्हणून जिन्याने एकोणीस मजले चढून आले होते. थोरल्याच्या तोंडून शब्द फुटेना. धाकटा म्हणाला, "बॉडी... कुठाय?"

सगळ्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं.

त्याने मला नीट न्याहाळलं. बांबू खाली ठेवला. "आबा, हे बरं नाही केलंस. आता काहीही झालं तरी आज तू जिवंत खाली उतरायचा नाहीस!"

मग मात्र मॅडम हसल्या. पडद्याखालचे सर वर आले, त्यांचे डोळे पुसलेले होते.

गावडे बंधूंना पाणी कुणी दिलं सांगू? १९०३ने. गलका ऐकून दार उघडून पोरगा बाहेर आला, कुत्रा काखेत, बाटल्या हातात. मी नाव विचारलं. निखिल. (ब्रूनोपेक्षा अवघड नव्हतं.) घरची माणसं नागपूरला, हा इथे एकटा. आमच्या हिने त्याला तिथेच मांदेलीचं ताट वाढलं. साठ माणसांना चहा झाला. हार परत न्यायचे नसतात म्हणून सगळे माझ्याच गळ्यात पडले. मीही घातले. उगाच वाया कशाला?

पंधरा दिवसांनी तन्वीला विद्यापीठाचं पत्र आलं. निवड झाली. तिच्या प्रबंधात एका पानाच्या तळाला बारीक अक्षरात माझं नाव येणार आहे. चौथी पास माणूस, पीएचडीत! अक्षर मात्र छापील असणार, माझ्यासारखं नाही.

एकच गोष्ट मनाला लागून राहिली. त्या दिवशी कोण आलं याची मी मनात हजेरी घेतली होती. सदा परब आला नव्हता! माझा कॅरमचा पार्टनर, तीस वर्षांचा. मी त्याच्या घरी जाऊन जाब विचारला. "सद्या, माझ्या मयताला तू नाहीस?"

"गुडघे दुखत होते रे. पुढच्या वेळी नक्की येतो."

शब्द दिला म्हणून असेल, की मनात काही टोचलं म्हणून, आता तो रोज दुपारी येतो. बेलची वायर मी जोडली आहे. निखिललाही आम्ही बोलावतो, तो सोंगटी घेताना चुकतो, पण शिकेल. निघताना सदा रोज दारात थांबून विचारतो, "उद्या आहेस ना? का फळा बघून येऊ?"

मी म्हणतो, "सरळ बेल वाजव. फळ्यावर विश्वास ठेवू नकोस, लिहिणारा चौथी पास गाढव आहे."