सरूबाईंच्या डब्यातला खैर

माझ्या सासूबाई, सरूबाई, बोलायला हवं तिथे नेमक्या गप्प बसतात. लोणीहून डोंगरातल्या ह्या घरात येऊन मला वीस वर्षं झाली आणि वीस वर्षं त्यांनी माझं डोकं उठवलंय. कोणाची कोंबडी कुठे अंडं घालते ते न विचारता सांगतील, पण कामाचं काही विचारलं की ‘आसू दे की’ म्हणून मोकळ्या.

तेलाचंच घ्या. दिवाळीनंतर खुरासणीचं, म्हणजे कारळ्याचं, पीक निघालं की ओतूरच्या घाण्यावरून तेल काढून आणायचं आणि डब्यात खैराचा एक काळा ठोकळा सोडायचा. ज्याचा कात विड्याला लावतात, तोच खैर. ठोकळा त्यांच्या आईने दिलेला. शेजारणींचं तेल शिमग्याला खवट होतं, आमचं पुढची दिवाळी बघतं. का, म्हणून विचारलं तर ‘आसू दे की’. मी कधी त्या चिकट लाकडाला हात लावला नाही.

मागच्या वर्षी माझी श्रेया त्याच्या दोन ढलप्या कॉलेजात घेऊन गेली. परत आली ती सांगतच, “आई, हवेनं तेल खवट होतं. खैराच्या गाभ्यात कॅटेचिन असतं, ते अँटिऑक्सिडंट आहे. हवेला तेल बिघडवू देत नाही.” सासूबाई तांदूळ निवडत होत्या. “बरं,” म्हणाल्या. झालं.

मला मात्र लाज वाटली. ज्याला मी घाण म्हणत होते ते एवढं गुणाचं निघालं. ह्या खेपेला डबा मीच भरायचा असं ठरवलं. पदर खोचला, ठोकळा राखेने घासला आणि चुलीवर चांगला तीन पाण्यांत उकळला. पाणी लालभडक. ते जास्वंदीच्या बुडाशी ओतताना सासूबाई उंबऱ्यात बसून बघत होत्या. “लई निघालं गं,” एवढंच म्हणाल्या. मला वाटलं, कौतुक.

शिमग्याला कुरडया तळायला घेतल्या आणि घरभर खवट वास सुटला. बारा लिटर तेल वाया. सासूबाईंच्या हातून उभ्या आयुष्यात असं झालं नव्हतं. श्रेया सुट्टीला आली होती. तिने कपाळाला हात लावला. “आई, त्या लाल पाण्यातच तर सगळं होतं.”

मी तडक सासूबाईंसमोर जाऊन उभी राहिले.

“आत्या, तुम्हाला ठाऊक होतं ना?”

“म्हाईत व्हतं.”

“मग तोंड का नाही उघडलं?” वैतागून मला रडूच आलं.

“इतकी वर्सं तू डब्याकडं बघून नाक मुरडायचीस. मी गेल्यावर ठोकळा चुलीतच जानार, आसं मी धरून चालले व्हते. त्या दिशी तू पदर खोचून त्यो घासाय बसलीस. कशाला आडवू? तेल काय, पुढच्या साली निघंल.”



दुसऱ्या दिवशी त्या मला रानात घेऊन गेल्या. वाळून पडलेला खैर दाखवला आणि वरचं पांढरं लाकूड तासून आतला लाल गाभा कसा काढायचा, ते माझ्याकडून करवून घेतलं. पांढरं का नाही चालत, म्हणून मी विचारलं.

“आसू दे की,” म्हणाल्या.